डोळ्याखालचा भोवरा

घोडा पाहायला निघालेल्या माणसानं गाडीत तोंडाला कुलूप लावून बसावं हे काही बरं लक्षण नव्हे. पण राघोत्तमराव त्या सकाळी चेन्नईतल्या वेस्ट मांबलमहून निघाल्यापासून मागच्या सीटवर गप्प होते. पुढे गाडी चालवत होते कृष्णकांत पाटणकर. बँकेत मोठे साहेब, तीन वर्षांपूर्वी साताऱ्याहून बदली होऊन चेन्नईला आलेले आणि अजूनही इथल्या सांबाराशी सूत न जुळलेले. त्यांच्या शेजारी त्यांची मुलगी प्राची, वय एकोणीस, सीट मागे सारून डावा पाय लांब करून बसलेली. त्या पायाच्या मांडीत पोलादी सळई होती. दोन ऑपरेशनं झाली होती, आणि हाडांच्या डॉक्टरांनी तिसरं होणार नाही म्हणून स्पष्ट सांगितलं होतं. पुन्हा त्याच पायावर पडली तर पाय वाचवायला त्यांच्याकडे काही उरणार नव्हतं.

आणि तरी ही पोरगी पुन्हा घोड्यावर बसायला निघाली होती. दहा महिने घरात सगळ्यांनी समजावून पाहिलं, रागावून पाहिलं. ती शांतपणे एकच सांगायची, "घोड्यावर मी लंगडत नाही." आई, विद्युलताबाई, शेवटी एका अटीवर तयार झाल्या. घोडा राघोत्तमरावांनी पाहायचा, आणि तो शुभ आहे हे त्यांनी आपल्या समोर, आपल्या तोंडावर सांगायचं. त्या अकरा वाजता नारळ घेऊन टॅक्सीनं येणार होत्या.

हे राघोत्तमराव म्हणजे तंजावरकडचे मराठी. रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात हेडक्लार्क म्हणून चाकरी करून निवृत्त झालेले, एकसष्ट वर्षांचे. पूर्वज तंजावरच्या राजांच्या पागेत घोडे पारखायला होते. राजे गेले, पागा गेली, पण घोड्याच्या अंगावरचे भोवरे वाचायची विद्या बापाकडून मुलाकडे येत राहिली. तमिळमध्ये या भोवऱ्यांना सुळी म्हणतात, आणि चेन्नईत ज्याला घोडा घ्यायचा तो, मग तो देवळाचा ट्रस्टी असो की हौशी डॉक्टर, सुळी पाहिल्याशिवाय व्यवहार करत नाही. राघोत्तमराव पैसे घेत नसत. कॉफी घेत, आणि त्यांच्या शब्दापुढे लोक हात जोडत, तो मान घेत. ही दुसरी गोष्ट त्यांना कॉफीपेक्षा जास्त आवडायची, हे इथंच सांगून टाकलेलं बरं.

घराण्याचा एक नियम होता. घोडा पाहणाऱ्यानं घोड्यावर कधी बसायचं नाही. आजोबा म्हणत, एकदा पाठीवर बसलं की माणूस त्या घोड्याचा होतो, मग त्याच्या खोडी त्याला दिसत नाहीत. परीक्षा उभ्यानं करायची, चिन्हं वाचायची, निकाल सांगायचा आणि निघायचं. म्हणून घोड्यांवर उभी हयात बोललेले राघोत्तमराव एकदाही घोड्यावर चढलेले नव्हते.

प्राचीला पाडणारा घोडाही त्यांनीच पास केला होता. रेसमधून काढलेला थरोब्रेड, उंच, चकचकीत, एकही वाईट भोवरा नसलेला. त्याला पाहत असताना बाहेर रस्त्यावर एका लॉरीनं हॉर्न दिला होता, आणि घोड्याच्या डोळ्याचं पांढरं दिसलं होतं, खांद्यापासून शेपटीपर्यंत कातडी थरथरली होती. राघोत्तमरावांनी ते पाहिलं. पण ते चिन्हांत बसत नव्हतं, आणि त्यांना विचारली होती ती चिन्हं. त्यांनी कॉफी संपवली आणि "उत्तम" म्हणून सांगितलं. तीन आठवड्यांनी अशाच एका हॉर्नला तो घोडा उधळला, आणि प्राची पुलाच्या कठड्यावर आपटली.

गंमत अशी की त्यांना कुणी बोल लावला नाही. उलट मुलगी दवाखान्यातून घरी आल्यावर विद्युलताबाई पेढे आणि राघोत्तमरावांच्या पत्नीला, अलमेलूला, साडी घेऊन आल्या होत्या. "तुम्ही पाहून दिलेला घोडा होता म्हणून पोर जिवंत राहिली," त्या म्हणाल्या होत्या. "दुसरा असता तर काय झालं असतं, विचार करवत नाही." राघोत्तमरावांनी पेढा घेतला होता. तो गिळताना जो घशात अडकला तो दहा महिने तिथंच होता.

गाडी ईसीआरवरून, समुद्राकाठच्या मोठ्या रस्त्यावरून, डावीकडे वळली आणि सुरूच्या बनातल्या वाळूच्या रस्त्याला लागली. पोंगल होऊन आठवडा झाला होता, समुद्रावरून वारा जोरात येत होता. सुब्बाचा तबेला बनाच्या टोकाला होता. सुब्बा घोड्यांचा दलाल, लुंगी गुडघ्यावर दुमडलेला, तोंडात पान. राघोत्तमरावांना पाहून त्यानं पान थुंकलं, हा त्याचा आदर.

"या रायर," तो म्हणाला; रावाचं तमिळमध्ये रायर होतं. "आज तुम्हाला बोट ठेवायला जागा देणार नाही."

पहिला आणला तो पुन्हा रेसमधलाच. कृष्णकांतांनी त्याला अंगणातसुद्धा येऊ दिलं नाही. "हा नको. ही जात आता माझ्या दारात नको." मग ते सुब्बाकडे वळले. "मला खरं म्हणजे भीमथडी हवी होती. भीमेकाठची तट्टं. आपले लोक त्यांच्यावर बसून कुठल्या कुठे गेले."

सुब्बाला भीमथडी ठाऊक नव्हती. राघोत्तमरावांनी त्याला तमिळमध्ये समजावलं. तो म्हणाला, असतील तिकडे मेंढपाळांकडे, इथं कोण आणून देणार, त्यापेक्षा मारवाडी बघा. आणि त्यानं राजा नावाच्या घोड्याला बाहेर काढलं.

राजा बाहेर आला तेव्हा कृष्णकांतांच्या तोंडून नुसता श्वास सुटला. तांबडा, लखलखीत. दोन्ही कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकलेली. चारी पाय खाली पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा, म्हणजे पंचकल्याणी. राघोत्तमराव हात मागे बांधून त्याच्याभोवती फिरले. कपाळावर एकच भोवरा, डोळ्यांच्या वर. गळ्याखाली देवमण नावाचा भोवरा, ज्याच्यासाठी जुने सरदार जहागीर द्यायला तयार होत. पोटावर, खांद्यावर, गुडघ्यावर काही नाही. असा घोडा त्यांनी आयुष्यात दोनदा पाहिला होता.

"काय म्हणता?" कृष्णकांतांनी विचारलं.

"चिन्हें सगळीं चांगलीं आहेत," राघोत्तमराव म्हणाले. त्यांची मराठी जुन्या वळणाची, तमिळ हेल काढणारी. "पण आज मज घाई नको. वाटेवर पाहातों, मग सांगतों."

"वाटेवर? तुम्ही?" कृष्णकांत हसले. "मागच्या वेळी तर पाच मिनिटांत मोकळे झाला होता."

तेवढ्यात प्राची मोहरकी धरून राजाच्या नाकाशी उभी राहिली होती. सुब्बानं तिला ओट्यावरून चढवलं. कुंपणाच्या आत राजा झकास चालला, मान कमानीसारखी, पाय उचलून उचलून. दोन फेऱ्या झाल्यावर ती हसली. दहा महिन्यांत त्या पोरीचे दात कुणाला दिसले नव्हते. कृष्णकांतांनी तोंड दुसरीकडे वळवून चष्मा पुसला. आता हा घोडा नको म्हणायचं तर राघोत्तमरावांना त्या हसण्यावर पाय द्यावा लागणार होता.

साडेनऊला सुब्बा राजावर बसला आणि राघोत्तमराव शेजारून चालत निघाले. प्राची रोज जी वाट धरणार होती तीच वाट. आधी बन, मग कोळ्यांच्या झोपड्यांच्या मागून, एका मोरीवरून, मग दोनशे पावलं भर रस्त्याच्या कडेनं आणि रस्ता ओलांडून खाडीकाठी. बनात राजा राजासारखा चालला. झोपड्यांमागे कुणीतरी जाळ्यांवर निळी ताडपत्री टाकली होती, आणि तिचं एक टोक वाऱ्यानं सुटलं होतं.

ताडपत्री फडफडली. राजा जागच्या जागी थिजला. राघोत्तमरावांना तेच दिसलं जे दहा महिन्यांपूर्वी दिसलं होतं, डोळ्याचं पांढरं आणि खांद्यापासून धावत गेलेला काटा. ते "सुब्बा" म्हणेपर्यंत घोडा गर्रकन वळला होता आणि सुरूच्या खोडाला घासत वीस पावलं मागे गेला होता. सुब्बा पडला नाही. जन्म घोड्यावर काढलेला माणूस तो. पण त्याचा गुडघा खोडावर सोलपटून निघाला होता आणि रिकीब वाकली होती.

राघोत्तमरावांनी त्या रिकिबीकडे पाहिलं. तिथं सळईचा पाय असता तर. पुढचं त्यांनी मनात येऊ दिलं नाही.

"नवी जागा आहे, रायर," सुब्बा गुडघ्याला थुंकी लावत म्हणाला. "पंधरा दिवसांत सवय होईल."

"आणि त्या पंधरा दिवसांत मुलगी पडली तर?"

"तुम्ही सुळी बघा. सुळी फर्स्ट क्लास आहे की नाही? बाकीचं माझं काम."

आपणच आपल्याला बोलतो आहोत असं राघोत्तमरावांना वाटलं, आणि ते ऐकायला फार वाईट होतं.

तेवढ्यात समोरून सुब्बाची बहीण वसंता येताना दिसली. तिच्या मागे एक घोडी होती, दोन्ही बाजूंना पाण्याचे कॅन लटकवलेली. मातकट रंगाची, बुटकी. राघोत्तमरावांच्या छातीला तिचा खांदा लागला असता. मोठं डोकं, जाड पाय, काळे कठीण खूर. कान मात्र आत वळलेले, म्हणजे कुठून तरी काठेवाडी रक्त आलेलं. वसंता ताडपत्रीखालून वाकून गेली. घोडीच्या तोंडावर ताडपत्री फटकन आपटली. घोडीनं ती नाकानं बाजूला सारली आणि मागोमाग आली. पाण्याचा एक थेंब सांडला नाही.

"ही कोणाची?" राघोत्तमरावांनी विचारलं.

सुब्बा लगाम सारखा करत राहिला. "माझीच. बाप काठेवाडी, आई गावठी तट्टू. विकायची आहे, पण तुम्हाला दाखवायची नाही."

"कां?"

"तुम्ही म्हणून."

राघोत्तमराव समजायचं ते समजले, पण थांबले नाहीत. त्यांनी कॅन उतरवायला लावले, राजावरचं खोगीर काढून घोडीवर घालायला लावलं. सुब्बाला वाटलं आता आपल्यालाच बसायला सांगतील, म्हणून तो पुढे झाला. राघोत्तमरावांनी चप्पल काढली आणि मोरीच्या कठड्यावर चढले.

"रायर," सुब्बा घाबरला. "तुम्ही बसत नाही."

"आज बसतों."

पाय पलीकडे टाकताना त्यांच्या गुडघ्यानं कुरकुर केली. वर बसल्यावर जमीन एवढी लांब असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. आजोबा, पणजोबा, पागेतले सगळे पूर्वज ओळीनं उभे राहून बघत असल्यासारखे त्यांचे कान तापले. त्यांनी आयाळ मुठीत धरली आणि घोडी चालू लागली, अगदी सपाट, घाई नसलेली चाल.

मोरी मागे पडली, रस्ता आला. त्याच्या कडेची वाळूची पट्टी जेमतेम दोन हात रुंद होती आणि उजवीकडून गाड्या सूं सूं करत जात होत्या. मागून एक वाळूची लॉरी येत होती. तिचा आवाज राघोत्तमरावांना आधी मणक्यात कळला. उतरावं असं फार वाटलं. उतरता येत नव्हतं. मग हॉर्न वाजला, लांबलचक, पाठीत सुरी घातल्यासारखा.

घोडीचे दोन्ही कान मागे फिरले. ती थांबली. चारी पाय रोवून, मान खाली करून, पावसात उभं राहावं तशी उभी राहिली. लॉरी गेली, धूळ आणि गरम वारा अंगावरून गेला. घोडीनं नाक फुरफुरवलं आणि पुन्हा चालायला लागली. राघोत्तमरावांच्या मुठीत आयाळीचे चार केस तुटून आले होते.

एकदा घडलं ते योगायोगानं घडलं असेल. म्हणून हा वेडा म्हातारा तिथंच रस्त्याच्या कडेला घोडी उभी करून राहिला, आणखी एक बस, आणखी दोन लॉऱ्या आणि एक बिनसायलेन्सरची मोटरसायकल जाईपर्यंत. दर वेळी घोडी थांबली, पाय रोवले, वाट पाहिली. दर वेळी राघोत्तमरावांचा जीव मुठीत आला आणि दर वेळी थोडा कमी आला.

मोरीपाशी परत येऊन ते उतरले. मग त्यांनी घोडीच्या तोंडाकडे पाहिलं. मोहरकीला गालांवर रुंद कॅनव्हासचे पट्टे शिवलेले होते, डोळ्यांच्या अगदी खालपर्यंत. असे पट्टे कुणी शिवत नाही. त्यांनी मोहरकी सोडली.

दोन्ही डोळ्यांखाली एकेक भोवरा. नखाएवढा, नेटका, डोळ्यातून पाणी वाहून खाली साचावं तसा. अश्रुपात. सगळ्या वाईट चिन्हांतलं वाईट. असा घोडा ज्याच्या दारात बांधला त्याच्या घरात रडारड, असं राघोत्तमराव सात वर्षांचे असताना घोकून शिकले होते.

"तीन ठिकाणांहून परत आली," सुब्बा खाली बघत म्हणाला. "पहिल्याचा बाप गेला. ब्याऐंशीचा होता, पण गेला. दुसऱ्याच्या मुलीचं लग्न मोडलं. तिसऱ्यानं नुसता भोवरा बघितला आणि त्याच संध्याकाळी माघारी धाडली. म्हणून मीच पट्टा शिवला." तो जवळ आला. "पट्टा असू दे, रायर. तुम्ही चांगली म्हणा. पोरीच्या अम्मांना काय कळतंय?"

राघोत्तमरावांचा भोवऱ्यांवरचा विश्वास उडाला असता तर सगळं सोपं झालं असतं. तो उडाला नव्हता, हीच तर पंचाईत होती. राजाला चांगला म्हटलं तर ते खरं होतं, चिन्हांपुरतं अगदी खरं, आणि पोरगी पंधरा दिवसांत कुठल्या तरी ताडपत्रीखाली पडणार होती. घोडीला शुभ म्हटलं तर ते धडधडीत खोटं होतं, आणि पुढे त्या घरात कुणी आजारी जरी पडलं तरी ते आपल्यामुळे असं त्यांना मरेपर्यंत वाटत राहिलं असतं. आणि दोन्ही खरं सांगितलं तर विद्युलताबाई पहिल्यांदा विचारणार होत्या तो प्रश्न त्यांना पाठ होता.

त्यांनी पट्टे असलेली मोहरकी सुब्बाच्या हातात दिली, घोडीच्या गळ्यात नुसता दोर बांधला आणि निघाले.

तबेल्यात पोचले तेव्हा टॅक्सी आलेली होती. विद्युलताबाई जरीकाठी साडी नेसून, हातात नारळ आणि हळदकुंकवाची वाटी घेऊन उभ्या होत्या. वसंतानं झाडातून जवळच्या वाटेनं आधीच परत आणलेल्या राजावर सुब्बाच्या माणसानं दुसरं खोगीर चढवलं होतं, आणि प्राची वर बसलेली होती. कृष्णकांत फाटकाचा अडसर काढत होते.

"या," विद्युलताबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला. "हे म्हणतात सगळी चिन्हं चांगली आहेत. पण तुमच्या तोंडून ऐकलं की माझा जीव भांड्यात पडेल. मग नारळ वाढवते आणि ती जाऊन येईल वाटेवरून."

सगळे त्यांच्याकडे बघत होते, तसे जसे लोक नेहमी बघत. हात जोडायच्या तयारीत.

राघोत्तमराव सरळ राजापाशी गेले आणि लगाम धरला. "उतर, कण्णा," ते प्राचीला म्हणाले.

"का?"

"उतर. मग सांगतों."

ती उतरली नाही. कृष्णकांत फाटक सोडून आले. "अहो, काय झालं? चिन्हं चांगली आहेत म्हणालात ना?"

"चिन्हें चांगलींच आहेत. ह्याच्याहून चांगलीं मीं पाहिलीं नाहींत." त्यांनी सुब्बाकडे बोट केलं. "पण तो बुजतो. ताडपत्री फडफडली तर वळून पळाला. सुब्बाचा गुडघा पाहा. ही बसली असती तर आतां आपण दवाखान्यांत असतों."

सुब्बानं लुंगी खाली सोडून गुडघा झाकला, त्यावरूनच सगळ्यांना कळलं.

"आणि ही घोडी," राघोत्तमराव म्हणाले, "हिच्या दोन्ही डोळ्यांखालीं अश्रुपात आहे. आमच्या विद्येंत ह्याच्याहून वाईट चिन्ह नाहीं. मी हिच्यावर बसून रस्त्याला गेलों. लॉरी आली, बस आली. ती हालली नाहीं. मज विचाराल तर ही घ्या."

"तुम्ही बसलात?" कृष्णकांतांना तेवढंच ऐकू आलं.

विद्युलताबाईंनी नारळ या हातातून त्या हातात घेतला. त्या हळू बोलल्या. "चांगल्या चिन्हांचा घोडा बुजतो म्हणता. मग मागचा? त्याचीही सगळी चांगली होती."

तो प्रश्न आला होता. राघोत्तमरावांनी लगाम घट्ट धरला.

"तोही बुजत होता, अम्मा. मीं पाहातांना लॉरीचा हॉर्न झाला होता. तो थरथरला. मीं पाहिलें."

"पाहिलंत."

"पाहिलें. आणि उत्तम म्हणून सांगितलें. तें चिन्हांत नव्हतें म्हणून बोललों नाहीं. मज विचारलें नव्हतें म्हणून."

राजानं मान झटकली, राघोत्तमरावांचा हात ओढला गेला, पण त्यांनी लगाम सोडला नाही. विद्युलताबाई त्यांच्याकडे बघत होत्या, जणू हा माणूस कोण हे त्या नव्यानं ओळखायचा प्रयत्न करत होत्या.

"मी तुमच्या घरी पेढे घेऊन आले होते," त्या म्हणाल्या.

"होय."

"तुम्ही खाल्लात."

"होय, अम्मा."

कृष्णकांत काहीतरी बोलायला गेले, पण बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि ते थांबले. वर बसलेली प्राची पांढरीफटक झाली होती. तिनं उजवा पाय रिकिबीतून काढला, खोगिरावरून सरकली आणि बापाच्या खांद्याला धरून खाली आली. कुणाशी न बोलता, पाय ओढत, ती घोडीपर्यंत गेली. घोडीच्या डोळ्याखालच्या भोवऱ्यावर तिनं बोट ठेवलं. घोडी उभी राहिली.

"आई," ती म्हणाली. "तू नको म्हणालीस तर मी नाही बसणार. खरंच."

आता विद्युलताबाई नको म्हणणार हे राघोत्तमरावांना दिसत होतं. कुठली आई हो म्हणेल? डोळ्याखाली अश्रू घेऊन आलेलं जनावर, आणि शिफारस कुणाची, तर दहा महिने गप्प बसलेल्या माणसाची. आपण सगळं खरं सांगितलं आणि पोरीच्या हातात काहीच उरलं नाही, असं त्यांना वाटलं.

बाई घोडीजवळ गेल्या. त्यांनी वाकून त्या भोवऱ्यांकडे पाहिलं.

"घरात रडारड होते म्हणतात ना हिच्यानं?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"तसें शास्त्र आहे."

"दहा महिने मी हिला लहान मुलीसारखी आंघोळ घातलीय. रात्री ही उशीत तोंड खुपसून रडायची आणि मी बाथरूमचा नळ सोडून. ते सगळं शुभ चिन्हांच्या घोड्यानं दिलं. आमच्या घरातलं रडून झालंय, राघोत्तमराव. ही बिचारी आणखी काय आणणार आहे?"

त्यांनी नारळ फोडला नाही. वाटीतलं कुंकू घेऊन घोडीच्या कपाळाला लावलं, पदरानं हात पुसला आणि मग त्या वळल्या.

"आज तुम्ही हिच्याबरोबर चालायचं. दोर हातात धरून, जाताना आणि येताना. ती परत आली की तुम्ही जा. आमच्या घरी पुन्हा येऊ नका. अलमेलूबाईंना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा."

"सरि, अम्मा," म्हणत राघोत्तमरावांनी मान्य केलं.

प्राची घोडीवर बसली. राघोत्तमराव दोर धरून तिच्या खांद्याजवळून चालू लागले, अनवाणीच, कारण चपला मोरीवर राहिल्या होत्या. बन गेलं. ताडपत्री गेली, तिनं फडफडायची तेवढी फडफड केली. मोरी आली तेव्हाही चपला घालायला ते थांबले नाहीत. रस्त्याला लागल्यावर लांबून लॉरी दिसली आणि त्यांनी दोर आखडून धरला. वर प्राचीचा श्वास थांबलेला त्यांना ऐकू आला. हॉर्न वाजला. घोडी थांबली, पाय रोवले, लॉरी गेली, घोडी चालू लागली.

खाडीकाठी पोचल्यावर प्राचीनं विचारलं, "मामा, तेव्हा तो घोडा थरथरला, तर तुम्हाला भीती नाही वाटली?"

राघोत्तमरावांनी विचार केला. खोटं बोलायची आता काही सोय राहिली नव्हती.

"माझ्या शब्दाला कोणी नाहीं म्हणेल, ती भीती वाटली," ते म्हणाले. "तुझ्याबद्दल वाटली नाहीं."

तिनं मान हलवली. ते ठीक आहे असं ती म्हणाली नाही. तिनं घोडी वळवली.

परतताना आणखी दोन लॉऱ्या आणि एक बस गेली. फाटकाच्या आत विद्युलताबाई उभ्या होत्या तिथंच उभ्या होत्या, नारळ काखेत धरून. घोडी आत आली. राघोत्तमरावांनी दोर त्यांच्यापुढे केला. बाईंनी तो घेतला, मुलीच्या दोन्ही पायांकडे एकदा नीट पाहिलं, आणि त्यांच्याकडे पाहिलं नाही. राघोत्तमरावांनी कुणाला न सांगता फाटक ओढून घेतलं आणि बसच्या थांब्याकडे चालायला लागले.